बाबांची ती दोन वर्षं

पत्र : माझं वय ६७. आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. १९६५ साली, मी सात वर्षांची असताना, आईबाबा आम्हाला घेऊन मुंबईहून इस्राएलला आले. आता मी अश्दोदला राहते. पुढच्या वर्षी नातवाचा बार मित्झ्वा आहे, म्हणजे तेराव्या वर्षीचा आमचा धार्मिक विधी. मुलगी म्हणाली, "आई, आपल्या घराण्याची एक छान पुस्तिका कर, हिब्रूत." त्यासाठी आजीची पत्र्याची पेटी उघडली, तर बाबांची अकरा पत्रं निघाली. १९५० ते ५२ मधली, इस्राएलमधल्या बेरशेबाहून आजीला लिहिलेली. म्हणजे बाबा आधी एकदा येऊन परत गेले होते! आम्हाला कधीच सांगितलं नाही. पत्रांत अपमान आहेत, "मला परत बोलावून घे" आहे, आणि एका पत्रात "मलिदा केलास की माझ्या वाटणीचा बाजूला ठेव" असंही आहे. धाकटा भाऊ म्हणतो, फाडून टाक, बाबांनी झाकलं ते आपण कशाला उघडं करायचं? आई ८८ वर्षांची आहे, तिला विचारायचा धीर होत नाही. ही पत्रं वाचता येणारी आईनंतर मी एकटीच. काय करू?

उत्तर :

प्रिय ताई,

आधी एक करा. भावाला आजच फोन करून सांगा की पुस्तिकेत काय घालायचं ते आपण मिळून ठरवू, पण कागद फाटणार नाहीत. पुस्तिका पुढच्या वर्षी होईल, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी. फाडलेलं पत्र मात्र परत येत नाही.

आता बाबांबद्दल. तुमच्या भावाला वाटतं की बाबांनी काहीतरी कमीपणाचं केलं. मला तसं मुळीच वाटत नाही, आणि त्याचं कारण बाबांच्या पत्रांबाहेर आहे. १९५१ च्या अखेरीस आणि १९५२ मध्ये भारतातून गेलेल्या बेने इस्राएल मंडळींनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या, म्हणजे ज्यूंना इस्राएलला आणून वसवणाऱ्या संस्थेच्या, दारात धरणं धरलं होतं. रंगावरून वागणूक मिळते, कामं हलकी देतात, "तुम्ही काळे, तुम्हाला काळा पाव" असं ऐकवतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आम्हाला परत पाठवा, हीच मागणी होती. शेवटी १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला आणून सोडलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे पुन्हा इस्राएलची वाट धरली. तुमचे बाबा त्याच विमानात होते की स्वतःच्या पैशाने आले, हे पत्रांच्या तारखांवरून तुम्हाला कळेल. पण ते एकटे नव्हते, आणि पळपुटे तर नव्हतेच. विशीतला पोरगा "हे मला मान्य नाही" असं म्हणून उठला, ताई. ही गोष्ट नातवाला बार मित्झ्वाच्या दिवशी नाही सांगायची, तर कधी सांगायची?

आणखी एक. तुम्ही १९६५ साली आलात असं लिहिलंय. ते वाचून मी जरा थांबले. १९६१-६२ पासून तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएल मंडळींच्या लग्नांना अट घातली होती : आई, आजी, पणजी ज्यू होत्या का, याची मागे मागे जाऊन चौकशी. अलिबाग-पेणच्या माणसाने पणजीचा दाखला आणायचा कुठून? लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतरच्या वर्षी तुमचे बाबा बायकामुलांना घेऊन निघाले. हा योगायोग असेलही. पण मला आपलं वाटतं, तो माणूस तेरा वर्षं दाराकडे बघत उभा होता. खरं काय ते आईलाच ठाऊक.

म्हणून आईला विचारायचंच, आणि लवकर विचारायचं. कागद आणखी पन्नास वर्षं टिकतील, आईचा आवाज टिकणार नाही. पण "बाबांनी आमच्यापासून का लपवलं?" इथून सुरुवात करू नका. तो प्रश्न तिला आरोपासारखा लागेल. सणांपासून सुरू करा. नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिर्ड्याचा सण, ही तुमच्या सणांची मराठी नावं नातवंडांनी कधी ऐकलीसुद्धा नसतील. त्यांना हिब्रू नावं माहीत, रोश हशाना, योम किप्पुर. दारफळणीला घरात काय व्हायचं, कोण कुठे बसायचं, हे विचारा. मलिद्याचं पूर्ण साहित्य विचारा. माझ्या आजोळी शेजारच्या घरातून मलिद्याची ताटली यायची : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याचे काप आणि खजूर. आजी आधी हात धुवून घ्यायची, कारण "एलियाहू हनबीचं आहे", म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचं, असं शेजारच्या मावशींनी सांगितलेलं. त्या ताटलीचा वास मला अजून आठवतो, तर तुमच्या आईला किती आठवेल! बोलताबोलता ती स्वतःच बाबांवर येईल. आली की तिला एक पत्र द्या, आणि तिनेच ते मोठ्याने वाचावं. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला सांगून ठेवा. आणि हिब्रूत बोल असं कोणी म्हणू नका. ती मराठीतच बोलू दे, तिच्या अलिबागकडच्या कुलाबी मराठीत. भाषांतर मागाहून करता येतं.

ती "नको" म्हणाली तर? मग पुस्तिकेत ती दोन वर्षं घालू नका. ती हयात आहे तोवर तिचा शब्द. पण पत्रं जपायला तिची हरकत नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. सासूच्या पेटीत ती इतकी वर्षं राहिली, कुणीतरी ठेवली म्हणूनच ना?

कागदांचं थोडक्यात. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे आणि पाकिटांचेही फोटो घ्या, शिक्के दिसतील असे. मग प्रत्येक पत्र वहीत जसंच्या तसं उतरवून काढा, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घांसकट. एक प्रत भावाकडे, एक मुलीकडे. ज्यूइश एजन्सीची जुनी कागदपत्रं जेरुसलेमच्या केंद्रीय झायोनिस्ट अभिलेखागारात आहेत. मुलीला हिब्रू येतं, तिला तिथे अर्ज करू द्या. तिने एकदा आजोबांचं नाव तिथल्या कागदांत शोधलं की ही पुस्तिका तुमच्या एकटीची राहणार नाही.

शोधताना नावं जपून बघा. तुमच्या पणजोबांचं घरातलं नाव हसाजी असेल आणि केतुबावर, म्हणजे लग्नाच्या करारपत्रावर, येहेझ्केल. सामाजी म्हणजे शमुएल, इसाजी म्हणजे इसहाक, बनाजी म्हणजे बिन्यामीन. आडनावाचं तर विचारूच नका. तिकडे गेल्यावर कितीतरी घरांनी पेणकर, नवगावकर, दिवेकर ही गावांची नावं सोडली. तुमचंही बदललं असेल तर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जुनं आडनाव देवनागरीत लिहा आणि त्या गावाचा नकाशा द्या. अलिबागच्या इस्राएल आळीत कोणी ओळखीचं असेल तर पणजोबांच्या कबरीचा फोटो मागवा. त्या दगडांवर पुष्कळदा हिब्रूखाली मराठी मजकूर असतो आणि त्यात नाव, गाव, कधी वयही सापडतं.

पुस्तिकेबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते सांगून टाकते. आपल्याकडे बेने इस्राएलांची गोष्ट कोणीही सांगायला बसलं की नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, आणि मग एकदम इस्राएल. पहिली गोष्ट सुंदर आहे, ती ठेवाच. पण ती सगळ्यांची आहे. तुमच्या घराचं असं जे आहे, ते या अकरा पत्रांत आहे. डाव्या पानावर बाबांचं मराठी, त्यांच्याच अक्षरात. उजव्या पानावर हिब्रू. नातवाला डावं पान वाचता येणार नाही. पण ते अक्षर तो बघेल, आणि "हे काय लिहिलंय?" असं तुम्हालाच विचारेल.

भावाशी वाद घालू नका. तो इस्राएलमध्येच जन्मला असेल, तर त्याने बाबांना फक्त तिथले म्हणून पाहिलंय. त्याला सगळी पत्रं एकदम देऊ नका. मलिद्याचं ते एक द्या, तुम्हीच वाचून दाखवा, आणि मग काही बोलू नका.

आणि आईकडे जाल तेव्हा हाच प्रश्न आधी विचारा. बाबा १९५२ मध्ये परत आले, तेव्हा आजीने त्यांच्या वाटणीचा मलिदा खरंच बाजूला ठेवला होता का? तेव्हा आईचं लग्न झालेलं नव्हतं, तिने पाहिलं नसेल. पण सासूने सुनेला हे सांगितलं नसेल, असं मला वाटत नाही. काय म्हणाली ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई