नरसिंह राव समजून घ्यायचे तर १९७३ पासून सुरुवात करा

‘१९९१ च्या आर्थिक सुधारणांचं खरं काम अर्थमंत्री मनमोहन सिंगांचं. राव निवृत्तीच्या वाटेवर होते, नशिबाने पंतप्रधान झाले. मग श्रेय कसलं?’ असं तुम्ही विचारलंय, शिवाय लाचखोरीच्या खटल्याचं काय झालं तेही. निवृत्तीचं खरं आहे. आपल्या रामटेकमधून दोनदा खासदार झालेले राव १९९१ ची निवडणूक लढलेच नव्हते. श्रेयाचं मात्र मला अजिबात पटत नाही.

सप्टेंबर १९७१ मध्ये ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. जमीन कमाल धारणेचा, म्हणजे एकाकडे किती जमीन असावी याला मर्यादा घालणारा कायदा त्यांनी रेटला आणि बडे जमीनदार बिथरले. त्यातले कितीतरी त्यांच्याच पक्षातले. त्यातच ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम, म्हणजे नोकऱ्यांत तेलंगणातल्या स्थानिकांना प्राधान्य देणारे निजामाच्या काळातले नियम, वैध ठरवले. रावांनी निकालाचं स्वागत केलं आणि किनारी आंध्रात वेगळं राज्य मागणारं ‘जय आंध्र’ आंदोलन पेटलं. जानेवारी १९७३ मध्ये खुर्ची गेली, राष्ट्रपती राजवट आली. माझ्या मते राव इथे घडले. ज्यांचे हितसंबंध दुखावणार त्यांना आधीच सावध केलं तर ते एकवटतात, हे त्यांना तेव्हा कळलं.

आता १९९१ कडे या. २१ जूनला शपथ. सरकार अल्पमतात, परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं, सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवण्यासाठी परदेशी गेलं. हे अर्थखात्याचं काम. त्याचं श्रेय सिंगांना जरूर द्या. (तरी राजकारणाबाहेरच्या माणसाला अर्थमंत्री करणं हा निर्णय रावांचाच.) लायसन्स राज, म्हणजे उद्योगाला सरकारी परवाना लागण्याची पद्धत, मात्र उद्योग खात्याने मोडलं, आणि ते खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं! २४ जुलैला, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, काही तास आधी राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी नवं औद्योगिक धोरण लोकसभेत मांडलं. १८ उद्योग वगळता परवाना रद्द. निवेदनाची सुरुवात नेहरूंच्या गौरवाने, म्हणजे पक्षातल्या जुन्या लोकांना बोट ठेवायला जागाच नाही. पंतप्रधानांनी स्वतः मोठं भाषण ठोकलं नाही आणि लोकांचं लक्ष अर्थसंकल्पाकडे राहिलं. १९७२ च्या मुख्यमंत्र्याने हे असं केलं नसतं.

पण याच सावध स्वभावाने देशाचं नुकसानही केलं. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा गृहमंत्री राव होते. ६ डिसेंबर १९९२ ला ते उत्तर प्रदेश सरकारच्या हमीवर विसंबून राहिले आणि बाबरी मशीद पडली. घटनात्मक अडचणी होत्या हे मान्य, तरी त्या दिवसाची जबाबदारी पंतप्रधानांवरून ढळत नाही.

खटल्याबद्दल. जुलै १९९३ च्या अविश्वास ठरावात सरकार १४ मतांनी वाचलं. त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा आरोप झाला. २००० मध्ये विशेष न्यायालयाने रावांना दोषी ठरवलं, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच संरक्षण दिलं होतं; तो निकाल सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने मार्च २०२४ मध्ये फिरवला.