प्रश्न तुमचे : स्टार खेळाडूला परत घ्यायचं की जाऊ द्यायचं?

वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका संपली की अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मैदानावरची गडबड थांबते आणि एजंटांची सुरू होते. करार संपलेल्या मोठ्या खेळाडूला त्याच्याच संघानं पुन्हा घ्यावं का, यावर या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. सगळ्या रकमा कोटी डॉलरमध्ये दिल्या आहेत. तिकडच्या बातम्यांत १० मिलियन दिसलं, की ते आपलं १ कोटी समजा.

प्रश्न : आमच्या घरात दोघं यांकीजचे आणि एक मेट्सचा (दोन्ही न्यूयॉर्कचेच संघ). यांकीजनी २०२२ मध्ये आरन जजला धरून ठेवलं, पण २०२४ मध्ये हुआन सोटोला फक्त ५० लाख डॉलरच्या फरकासाठी मेट्सकडे जाऊ दिलं. ७६ कोटी द्यायला तयार असलेला संघ ५० लाखांवर अडतो, हा कंजूषपणा नाही का? (एडिसन, न्यू जर्सी)

५० लाखांचा फरक मथळ्यातला आहे. यांकीजनी १६ वर्षांसाठी ७६ कोटी देऊ केले होते, मेट्सनी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी दिले. वर्षाला भागून बघा: एकीकडे ४.७५ कोटी, दुसरीकडे ५.१ कोटी. शिवाय मेट्सच्या करारात साडेसात कोटींचा साइनिंग बोनस आहे आणि पाच वर्षांनी बाहेर पडण्याची मुभा आहे. ती अडवायची असेल, तर मेट्सना पुढच्या वर्षांचा दर ५.१ वरून ५.५ कोटींवर न्यावा लागेल. म्हणजे फरक बराच मोठा होता आणि तो करारातल्या बारीक अक्षरांत होता.

जजचं प्रकरण वेगळं. एप्रिल २०२२ मध्ये यांकीजनी त्याला २०२३ पासून सात वर्षांचे २१.३५ कोटी देऊ केले. त्यानं नकार दिला आणि त्याच हंगामात ६२ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारून रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) विक्रम मोडला. डिसेंबरमध्ये यांकीजना ९ वर्षांचे ३६ कोटी मोजावे लागले. एक हंगाम थांबण्याची किंमत दोन जादा वर्षं आणि १४.६५ कोटी. तरीही तो करार आजवर स्वस्तच पडलेला आहे. २०२३ मध्ये डॉजर स्टेडियमच्या कुंपणावर आदळून त्याच्या पायाचं बोट दुखावलं आणि तो १०६ सामनेच खेळला. पण २०२४ मध्ये ५८ होम रन, २०२५ मध्ये ५३ होम रन आणि .३३१ ची सरासरी, दोन्ही वर्षी एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू. पुढची सहा वर्षं मात्र वयाच्या ३४ ते ३९ ची आहेत. त्यांचा हिशोब अजून व्हायचा आहे.

सोटो गेल्यावर यांकीजनी काय केलं, ते पाहा. पिचर (चेंडू टाकणारा) मॅक्स फ्रीडला ८ वर्षांचे २१.८ कोटी दिले, पॉल गोल्डश्मिटला एका वर्षासाठी सव्वा कोटी दिले आणि कोडी बेलिंजरला ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या देवघेवीत, आणलं. २०२४ मध्ये सोटोसह त्यांनी ९४ सामने जिंकले होते, २०२५ मध्ये त्याच्याशिवायही ९४ जिंकले. मेट्सकडे सोटोनं ४३ होम रन मारले, ३८ बेस चोरले, आणि मेट्स ८३ विजयांवर प्लेऑफबाहेर राहिले. यावरून सोटोला घेणं चुकलं असं ठरत नाही, कारण तो सही करताना २६ वर्षांचा होता आणि फ्री एजंटच्या (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंच्या) बाजारात त्या वयाचा असा माल क्वचित येतो. ठरतं ते इतकंच, की त्याच पैशात संघ बांधायचे दुसरे मार्ग होते आणि यांकीजना ते सापडले. ते सापडले नसते, तर याच निर्णयाला मी घोडचूक म्हटलं असतं.

प्रश्न : खेळाडू किती पैशांचा आहे, हे कागदावर कसं काढतात? साधी रीत सांगा. (ठाणे)

तीन आकडे लागतात. पहिला ‘वॉर’. वरच्या मायनर लीगमधून किमान पगारावर सहज मिळणाऱ्या राखीव खेळाडूच्या तुलनेत हा खेळाडू संघाला हंगामात किती विजय जास्त देतो, ते हा आकडा सांगतो. ढोबळमानानं १० धावा म्हणजे एक विजय. दुसरा, बाजारात एका विजयाचा भाव. अलीकडच्या वर्षांत तो ८० ते ९० लाख डॉलर धरतात. तिसरा, वयाची घसरण. तिशीनंतर दर वर्षी अर्धा विजय वजा करायची पद्धत आहे.

आता ३१ वर्षांचा, ५ विजयांचा आउटफिल्डर घ्या. सहा वर्षांत तो ५, ४.५, ४, ३.५, ३ आणि २.५, म्हणजे एकूण २२.५ विजय देईल. भाव ८५ लाख धरा आणि तो दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढवा. बेरीज येते सुमारे २०.४ कोटी, वर्षाला ३.४ कोटी. याच खेळाडूला आठ वर्षं दिलीत, तर सातव्या-आठव्या वर्षाचे उरलेले साडेतीन विजय मिळून बेरीज २४ कोटींवर जाते आणि वार्षिक दर ३ कोटींवर येतो. लांबलचक करारांमागचं गुपित हेच. शेवटची वर्षं वाया जाणार, हे संघालाही माहीत असतं. पण लक्झरी टॅक्स (संघाचा एकूण पगार ठरावीक रकमेवर गेला की बसणारा कर) कराराच्या वार्षिक सरासरीवर लागतो, म्हणून सरासरी खाली आणण्यासाठी वर्षं वाढवतात.

चूक बहुतेक वेळा पहिल्याच आकड्यात होते. खेळाडूचा सगळ्यात भरभराटीचा हंगाम करार संपायच्या वर्षी आला, की सगळे तोच पाया धरतात. वरच्या उदाहरणात सुरुवात ५ ऐवजी ४ धरा. सहा वर्षांची बेरीज २०.४ वरून १४.९ कोटींवर येते. एका विजयाचा गैरसमज साडेपाच कोटींना पडतो. म्हणून मागच्या तीन हंगामांची सरासरी घ्या, ताज्या हंगामाला जास्त वजन द्या आणि गमावलेले सामने मोजायला विसरू नका.

प्रश्न : हा लक्झरी टॅक्स नक्की कितीचा बसतो? बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही ना? (डोंबिवली)

मर्यादा नाही, टोलनाका आहे. २०२५ मध्ये तो २४.१ कोटींवर होता, २०२६ साठी २४.४ कोटींवर आहे. पहिल्या वर्षी ओलांडला तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्यापासून ५० टक्के. २ कोटींहून जास्त वर गेलात की अधिभार सुरू होतो. ६ कोटींच्या पलीकडच्या रकमेवर तो ६० टक्के आहे. ४ कोटींहून जास्त वर असाल, तर पहिला ड्राफ्ट पिकही (नवे खेळाडू निवडण्याची पाळी) दहा जागा खाली सरकतो.

म्हणून एकच खेळाडू दोन संघांना वेगवेगळ्या भावात पडतो. नाक्याच्या आत असलेल्या संघाला ३ कोटींचा खेळाडू ३ कोटींनाच पडतो. तिसऱ्यांदा ओलांडलेल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या संघाला त्याच ३ कोटींवर ११० टक्के, म्हणजे ३.३ कोटी कर भरावा लागतो. एकूण ६.३ कोटी. ‘आमच्या मालकाकडे पैसा आहे, मग अडतं कुठे?’ असं म्हणणाऱ्यानं आधी आपला संघ कितव्या पायरीवर उभा आहे ते पाहावं.

प्रश्न : आयपीएलसारखं रिटेन्शन बेसबॉलमध्ये का नाही? (पुणे)

२०२५ च्या मोठ्या लिलावाआधी मुंबई इंडियन्सनी बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक यांना मिळून ७५ कोटी रुपयांत ठेवलं. १२० कोटींच्या थैलीतून तेवढे वजा झाले आणि विषय संपला. बेसबॉलमध्ये लिलावही नाही आणि थैलीही नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क असतो (१७२ दिवस म्हणजे एक वर्ष). करार संपला आणि ही सेवा पुरी झालेली असली, की तो मोकळा.

जुन्या संघाच्या हातात उरते ती क्वालिफाइंग ऑफर: एका वर्षाचा करार, रक्कम सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्या १२५ जणांची सरासरी. २०२५ च्या हिवाळ्यात ती २.२०२५ कोटी होती. वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांत ती द्यावी लागते. खेळाडू पूर्ण हंगाम त्याच संघात असला पाहिजे आणि त्याला आयुष्यात पूर्वी कधी ती मिळालेली नसावी. त्यानं नाकारली आणि दुसरीकडे सही केली, तर जुन्या संघाला ड्राफ्ट पिक मिळतो. पण पिक कुठला, ते संघाच्या खिशावर ठरतं. महसूल-वाटपातून पैसे घेणारा छोटा संघ असेल आणि करार ५ कोटींच्या वर असेल, तर पहिल्या फेरीनंतर लगेच. लक्झरी टॅक्स भरणाऱ्या संघाला मात्र चौथ्या फेरीनंतर, म्हणजे जवळपास तोंडाला पानंच. खऱ्या स्टारला ही ऑफर डोळे झाकून द्यावी. मधल्या दर्जाच्या खेळाडूला देताना विचार करावा, कारण तो ‘हो’ म्हणू शकतो. २०२५ मध्ये चौघांनी म्हटलं, त्यात यांकीजचा ट्रेंट ग्रिशम होता.

प्रश्न : लाडका खेळाडू सोडून संघाचं भलं झालं, असं एखादं उदाहरण आहे का? (शिकागो)

कार्डिनल्सचं. २०११ ची वर्ल्ड सिरीज जिंकून आल्यावर त्यांचा तीन वेळचा एमव्हीपी अल्बर्ट पुहोल्स ३१ व्या वर्षी एंजल्सकडे गेला, १० वर्षांचे २४ कोटी. कार्डिनल्सनी कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांसाठी २.६ कोटीत आणलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना एंजल्सचा पहिल्या फेरीचा पिक मिळाला आणि त्यावर त्यांनी मायकल वाका हा पिचर घेतला. २०१३ मध्ये तोच नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा एमव्हीपी ठरला आणि संघ पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला. एंजल्स पुहोल्सच्या काळात एकदाच, २०१४ मध्ये, प्लेऑफला गेले आणि तीन सामन्यांत परतले. मे २०२१ मध्ये करार संपायच्या आधीच त्यांनी त्याला मोकळं केलं.

ब्रेव्ह्जनी २०२२ मध्ये फ्रेडी फ्रीमनबाबत याहून कोरडेपणा दाखवला. तो ३२ वर्षांचा, सहा वर्षं मागत होता. त्यांनी ट्रेड करून २७ वर्षांचा मॅट ओल्सन आणला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी ८ वर्षांचा १६.८ कोटींचा करार केला. फ्रीमन डॉजर्सकडे ६ वर्षांच्या १६.२ कोटींना गेला. म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशात दोन वर्षं जास्त आणि पाच वर्षं तरुण खेळाडू. ओल्सननं २०२३ मध्ये ५४ होम रन मारले. फ्रीमन २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला. अटलांटाचे जुने प्रेक्षक अजून हळहळतात, तरी व्यवहार म्हणून मला तो पटतो. त्यातली खाचखळग्याची जागा वेगळी आहे: ओल्सनसाठी चार होतकरू खेळाडू द्यावे लागले. तरुणांची फळी रिकामी असलेल्या संघाला हा मार्ग बंद असतो.

प्रश्न : करारातल्या कुठल्या कलमांवर लक्ष ठेवावं? (नाशिक)

ऑप्ट-आउटवर (करारातून मध्येच बाहेर पडण्याची मुभा) सगळ्यात जास्त. ते खेळाडूच्या बाजूनं झुकलेलं असतं: चांगला खेळला तर तो जातो, वाईट खेळला तर तुमच्या गळ्यात राहतो. पीट अलोन्सोनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्सशी दोन वर्षांचा ५.४ कोटींचा करार केला, ३८ होम रन मारले, एका वर्षात बाहेर पडला आणि ओरिओल्सकडून पाच वर्षांचे १५.५ कोटी घेतले.

पुढे ढकललेले पैसे संघाला सोयीचे. शोहेई ओहतानीच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी करार संपल्यावर मिळणार आहेत. त्यामुळे टॅक्ससाठी त्याचा वार्षिक आकडा ७ ऐवजी सुमारे ४.६ कोटी धरतात. नो-ट्रेड कलम लिहून दिलं नाही, तरी दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली, की ट्रेड नाकारायचा हक्क आपोआप मिळतो. घरच्या खेळाडूला परत घेतलं, की तो या रेषेवर लवकर पोचतो. ‘नाही जमलं तर विकून टाकू’ हा बेत तिथेच फसतो.

प्रश्न : पिचरलाही हेच गणित लावायचं का? (मडगाव)

लावा, पण वर्षं कमी धरा. २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर वॉशिंग्टन नॅशनल्सपुढे एकाच वेळी दोन स्टार मोकळे होते. मालिकेचा एमव्हीपी पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि तिसऱ्या बेसवरचा अँथनी रेंडन. स्ट्रासबर्गनं उरलेल्या चार वर्षांचे १० कोटी सोडून ऑप्ट-आउट घेतला आणि नॅशनल्सनी त्याला ७ वर्षांचे २४.५ कोटी दिले. रेंडन तेवढ्याच वर्षांच्या, तेवढ्याच पैशात एंजल्सकडे गेला. स्ट्रासबर्गच्या मनगटाची नस आधी दबली, मग खांद्याजवळच्या नसांवर शस्त्रक्रिया झाली. त्या सात वर्षांच्या करारात तो एकूण आठ सामने खेळला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. करार हमीचा असल्यानं पैसे पूर्ण द्यावे लागतात. रेंडन एंजल्ससाठी कुठल्याच हंगामात ५८ हून जास्त सामने खेळू शकला नाही. नॅशनल्सनी दोघांपैकी कुणालाही निवडलं असतं तरी हरलेच असते. वाचण्याचा एकच मार्ग होता, दोघांनाही सोडणं. पण नुकता विजेतेपदाचा जल्लोष झालेल्या शहरात तो निर्णय घ्यायला कोण धजावणार होतं?