शेंदरी पट्ट्याशेजारची हळद

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पॅकेजिंगच्या कामाला लागलीस हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहितेस, ‘मावशी, कुठल्या रंगाचा काय अर्थ याचा एक तक्ता करून दे, टेबलासमोर लावून ठेवते.’ लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, असले तक्ते फोनवर ढिगाने मिळतात. मी तो करून देणार नाही. का, ते सांगते.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मी शेड मॅचिंगला होते तेव्हाची गोष्ट. हळदीच्या पाकिटाचं काम आलं होतं. वर रुंद शेंदरी पट्टा, खाली सगळा पिवळा. गिऱ्हाइकाने पिवळ्याचा नमुना सही करून दिला होता, मी शाई त्याच्याशी तंतोतंत जुळवली होती. पहिले ताव छापून निघाले आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘ही हळद नाही, हे लिंबू आहे.’ बघितलं तर खरंच, पिवळ्यात हिरवट झाक. मी शाईत थोडा लाल घातला. पुन्हा छापलं, पुन्हा तेच. आणखी लाल घातला. नुसती शाई कागदावर ओढली की ती आता आंब्याच्या रसासारखी दिसायची, पाकिटावर मात्र मन भरत नव्हतं. अख्खा दिवस गेला, शाईचे डबे वाया गेले, मला रडू यायचं बाकी होतं. संध्याकाळी आमच्या मशीनमनने पहिल्या छपाईतला एक ताव उचलला, शेंदरी पट्ट्यावर आडवा हात ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, आता बघा.’ हाताखाली पट्टा गेला आणि हळद जागच्या जागी हळद झाली. ‘शाई बरोबर आहे,’ तो म्हणाला, ‘शेजार चुकलाय.’

गिऱ्हाइकाला समजावून तो पट्टा हळदीच्या पानासारखा गडद हिरवा केला. पिवळ्याची पहिलीच शाई वापरली. त्याच पिवळ्याला आता ऊब आली होती.

पुढे वाचनात आलं की पॅरिसमध्ये हा घोळ दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेला होता. मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये तिथल्या गोब्लँ या भिंतपडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्याच्या रंगशाळेचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार अशी, की काळा रंग फिका पडतोय. त्याने काळं सूत तपासलं, ते उत्तम निघालं. निळ्याजांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसलं की तेच सूत मरगळलेलं दिसायचं. त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1839 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ छापला. त्याचं सार एवढंच, की दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. शेंदरीजवळ पिवळा हिरव्याकडे सरकतो, हिरव्याजवळ तोच तांबूसपणाकडे झुकतो.

आज रात्री हे करून बघ. राखाडी घोटीव कागदाचे दोन सारखे तुकडे काप. एक लाल कागदावर ठेव, एक हिरव्यावर. ते एकाच कागदाचे आहेत हे तुझं तुलाच खरं वाटणार नाही.

आणि उजेड! गोखले रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये बायका ब्लाऊजपीस घेऊन दाराशी का जातात? ट्यूबलाइटखाली साडीशी एकजीव झालेलं कापड उन्हात वेगळंच निघतं, हे आपल्या आया-आज्यांना पक्कं ठाऊक आहे. दोन्ही कापडांत रंगद्रव्यं वेगळी असतात, म्हणून एका उजेडात ती जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात. आमच्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून सांगते, तुझं पाकीट स्क्रीनवर पास करू नकोस. छापील नमुना घे, वाण्याच्या दुकानात जा आणि जिथे ते खरंच टांगलं जाणार आहे तिथल्या उजेडात धर.

आता अर्थाकडे येते. काळा अशुभ, असं तुझ्या तक्त्यात असणारच. मग संक्रांतीला आपण हौसेने काळी साडी नेसतो ते काय? थंडीत काळा ऊब धरतो हे कारण सगळे देतात. मला दुसरंही एक दिसतं. हलव्याचे पांढरे दागिने काळ्यावर जसे उठतात तसे दुसऱ्या कशावरच उठत नाहीत. आणि मंगळसूत्रातले मणी कुठल्या रंगाचे असतात, सांग बरं. पांढऱ्याचंही तेच. आपल्याकडे तो सुतकाचा, तर ठाण्यातल्याच ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरांत नवरी पांढऱ्या पोशाखात चर्चमध्ये जाते. पांढरा इथेही तोच आणि तिथेही तोच, बघणारी माणसं तेवढी वेगळी.

अर्थ नव्याने जन्मतात हेही लक्षात ठेव. नवरात्रात रोज एक रंग, हे मी लहान असताना कुणाच्या गावीही नव्हतं. गेल्या वीसेक वर्षांत ते वर्तमानपत्रांनी रुजवलं. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, बराचसा वारांचाच हिशेब. आज ठाणे-वाशी लोकलचा बायकांचा डबा एका रंगात न्हालेला दिसतो आणि मला ते मनापासून आवडतं. ओळखदेख नसलेल्या बाया एकमेकींकडे बघून हसतात. हा अर्थ खराच आहे. तो माणसांनी मिळून केलाय, रंगाच्या पोटातून आलेला नाही.

मानसशास्त्राच्या नावाने कुणी काही ठासून सांगितलं, तर जरा थांबायला शीक. 1979 मध्ये अमेरिकेत सिअॅटलच्या नौदल तुरुंगात एका कोठडीच्या भिंती एका ठरावीक गुलाबी रंगात रंगवल्या. कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा तो परिणाम टिकला नाही. रंगाचा मनावर परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. तो गोळीसारखा काम करत नाही, एवढंच.

तुझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट राहिली. लाल-हिरव्याचं रंगांधत्व पुरुषांत बायकांपेक्षा खूप जास्त असतं, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. अशा माणसाला शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा पूर्वीचा तपकिरी ठिपका सारखेच वाटू शकत. 2020 च्या लेबलिंग नियमांत मांसाहाराच्या खुणेला तपकिरी त्रिकोण आला, हिरवा ठिपका तसाच राहिला. म्हणून जे महत्त्वाचं असेल ते फक्त रंगावर सोडू नकोस, त्याला आकार दे, अक्षर दे.

आणि शब्द जप. तुमच्या मीटिंगमध्ये ‘पिंक’ एवढंच म्हणत असतील. आपल्याकडे गुलाबी आहे, राणी आहे, अबोली आहे, डाळिंबी आहे, गुलबक्षी आहे. पिवळाधमक आणि फिकट पिवळा यांत तर अख्खा दिवस मावतो. ज्या रंगाला नाव असतं तो डोळ्याला लवकर सापडतो, असा माझा अनुभव आहे.

तू ऐरोलीला राहतेस, खाडी तुझ्या दाराशी आहे. हिवाळ्यात एका रविवारी ओहोटीची वेळ बघून फ्लेमिंगो बघायला जा. पिल्लं राखाडी जन्मतात. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांच्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात, तेव्हा कुठे ती गुलाबी होतात. राखाडी चिखलावर ती कशी दिसतात ते बघ, भरतीचं पाणी आलं की कशी, आणि ऊन कललं की कशी. प्रत्येक वेळेला रंगाचं नाव वहीत लिही, मराठीत. ‘गुलाबी’ एकदाच वापरायची मुभा आहे.

वही भरली की घेऊन ये. ते हळदीचं जुनं पाकीट मी कपाटात जपून ठेवलंय, शेंदरी पट्ट्याचं. हात ठेवून बघ तूही.

तुझी,
मावशी