गळ घेऊन तीर्थनला जायचंय, पण कधी?

प्रश्न: मी गोव्यातल्या पेडण्याचा, तेरेखोल नदीत लहानपणापासून गळ टाकतोय. नोव्हेंबरात सुट्टी आहे, मित्राबरोबर हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जायचा प्लॅन आहे. काय काय न्यावं?

उत्तर: दादा, आधी तो नोव्हेंबर कॅन्सल करा! १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत तिथे ट्राउट पकडायला बंदी, मासा अंडी घालतो ना, आपल्याकडे पावसात ट्रॉलर बंद ठेवतात तसंच. जुलै-ऑगस्टात नदी गढूळ नि फुगलेली, म्हणजे उरले मार्च ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. मडगावहून गोवा संपर्क क्रांती ट्रेनने थेट चंदीगड, तिथून मनालीची बस पकडून औटला उतरायचं (झोप लागली तर सरळ कुल्लू!) मग बंजार आणि तिथून तीर्थनकाठचं गुशैणी. मत्स्य विभागाचं लायसन्स आधी काढा, त्याशिवाय गळ पाण्यात नको.

चणक या मोठ्या माशासाठीचा जाड रॉड घरीच ठेवा, ६-७ फुटी हलका रॉड, बारीक लाइन, छोटे स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत खोटं आमिष) एवढं पुरे, आमिषाला सुंगटं-बिंगटं (कोळंबी) नेऊ नका. इंग्रजांनी आणून सोडलेला हा ब्राउन ट्राउट भलता लाजरा, प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड उभा असतो, म्हणून खालून वर, मागून जायचं आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आणि हो, पाणी बर्फाचं, मे महिन्यातही पाय बधिर होतात, दगड शेवाळलेले, स्लीपर घालून उतराल तर वाहून जाल.