सुट्टी राखली, कपात वाढली

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत लाइपझिग येथे नोकरी करते आणि तिची वर्गमैत्रीण म्युनिकमध्ये. दोघींपैकी प्रत्येकीचा कपातीपूर्वीचा पगार दरमहा 4,000 युरो असून दोघींनाही अपत्य नाही. तरीही मुलीच्या पगारातून शुश्रूषा विम्यासाठी 20 युरो जास्त कापले जातात. ‘आपल्या राज्यात एक सुट्टी जास्त आहे’ असे कारण तिला कार्यालयात सांगण्यात आले. हे खरे आहे का? तिने शेजारच्या राज्यात घर घेतल्यास कपात कमी होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कपात कायदेशीर आहे, मात्र सांगितलेले कारण अर्धेच खरे आहे. सुट्ट्यांची संख्याच मोजायची, तर म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तेथे त्या, लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीपेक्षा अधिक आहेत. कायदा पाहतो ते इतकेच, की 31 डिसेंबर 1993 रोजी राज्यात जितक्या सुट्ट्या होत्या, त्यांतून कायम कामाच्याच दिवशी येणारी एक सुट्टी त्या राज्याने कमी केली की नाही.

वृद्ध व परावलंबी रुग्णांच्या देखभालीसाठी हा सक्तीचा विमा 1995 मध्ये सुरू झाला, तेव्हा पगाराच्या 1 टक्का हप्ता मालक व कर्मचारी यांनी निम्मा निम्मा भरावा असे ठरले. मालकवर्गाने वाढत्या खर्चाची तक्रार केली आणि त्यांची भरपाई म्हणून कामाचा एक दिवस वाढवण्याची तडजोड निघाली. परंतु जर्मनीत बहुतेक सुट्ट्या ठरवण्याचा अधिकार राज्यांचा असल्यामुळे केंद्राला थेट सुट्टी रद्द करता येईना. म्हणून त्याने, काहीशा चतुराईने, अशी अट घातली की जे राज्य सुट्टी सोडणार नाही तेथील कर्मचाऱ्यांनी हा 1 टक्का एकट्याने भरावा. 16 पैकी 15 राज्यांनी 23 नोव्हेंबरपूर्वीच्या बुधवारी येणारा प्रॉटेस्टंट पंथीयांचा पश्चात्ताप व प्रार्थना दिन सोडून दिला. सॅक्सनीने तो राखला. पुढील दरवाढी समसमान वाटल्या गेल्याने अर्ध्या टक्क्याचा मूळ फरक आजही टिकून आहे. 2025 पासूनच्या 3.6 टक्के मूळ दरात इतरत्र दोघांचा वाटा 1.8 टक्के आहे, तर सॅक्सनीत कर्मचाऱ्याचा 2.3 आणि मालकाचा 1.3 टक्के. अपत्यहीनांवरील जादा आकार सर्वत्र सारखाच आहे.

आपल्या मुलीला त्या एका बुधवारसाठी वर्षाला 240 युरो मोजावे लागतात, म्हणजे तिच्या एका दिवसाच्या पगारापेक्षाही जास्त. आमच्या मते हा सौदा कर्मचाऱ्यांना महागच पडला आहे. त्यात आणखी खटकणारी गोष्ट अशी, की उत्तरेकडील चार राज्यांनी 2018 मध्ये आणि बर्लिनने 2019 मध्ये नवी सुट्टी सुरू केली, तरी तेथील कर्मचाऱ्यांचा वाटा वाढला नाही.

घर बदलून मात्र काही साधणार नाही, कारण येथे राहण्याचे नव्हे तर नोकरीचे ठिकाण धरले जाते. कंपनीच्या दुसऱ्या राज्यातील कचेरीत बदली झाली तर कपात कमी होईल, पण मग त्या बुधवारी तिला कामावर जावे लागेल.