तिसरी नीट नको, आधी तिची वही बघा

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, दोन्ही वेळा एमबीबीएसला गुण कमी पडले. तिसऱ्यांदा बसवायचं घरात ठरलं आहे. ती मात्र म्हणते, व्हेटर्नरी करून गाईंच्या संशोधनात जायचं. घरी आठ संकरित गाई आहेत. अभ्यास सोडून वहीत दुधाची फॅट लिहीत बसते. आता तिनं काढलंय, की चारा बारीक कापायचं नवीन कुट्टी मशीन आल्यापासून फॅट ३.८ वरून ३.३ वर आली. ढोरांची डॉक्टर म्हटल्यावर स्थळं कशी यायची? अगदीच नाही जमलं तर बी.एस्सी. ॲग्री आणि सोबत एमपीएससी. संशोधन काय, त्यातही होतं. क्लास लातूरला लावावा की पुण्याला? – एक पालक, नेवासा तालुका

उत्तर : नमस्कार. क्लास मी सुचवणार नाही. ‘घरात ठरलं आहे’ असं तुम्ही लिहिता. त्या घरात तीही राहते ना? दोन वर्षं तुमच्या म्हणण्यावर बसली, तिसऱ्या वर्षीही मुकाट्याने बसेल. पण मन नसताना सोडवलेल्या पेपराचे गुण वाढत नाहीत, उलट घसरतात. मग ‘आम्ही एवढा खर्च केला’ हे वाक्य तिला पुढे कायम ऐकावं लागेल. स्थळांचं म्हणाल, तर ज्या घरात रोजचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो, त्या घरातून हा प्रश्न यावा याचं मला नवल वाटतं. गाय अडली की रात्री दोनला ज्याला फोन लावता, तो डॉक्टर तेव्हा ‘ढोरांचा’ नसतो.

आता त्या वहीकडे वळू. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत. मला तुमच्या पत्रात कामाची गोष्ट तेवढीच दिसली.

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो, त्यामुळे ३.३ म्हणजे थेट पावतीत कपात. कारण तिनं बरोबर हेरलं असण्याची शक्यता बरीच आहे. कुट्टी भुग्यासारखी बारीक झाली की गाय रवंथ कमी करते. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी. एरवी दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ पोटात जाते आणि तिच्यातला सोडा कोठीपोटातलं, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातलं, आम्ल आटोक्यात ठेवतो. तो कमी पडला की आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात, ॲसिटेट, म्हणजे तंतू आंबून बनणारं आम्ल, कमी तयार होतं. दुधातल्या फॅटचा मोठा कच्चा माल तेच ॲसिटेट.

पण ‘शक्यता आहे’ म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मशीन आलं त्याच सुमारास हिरवा मका सुरू झाला असेल, पेंड बदलली असेल, गाभण गाई आटल्या असतील, दोन नव्या व्यायल्या असतील. शिवाय संकलन केंद्राची पावती सगळ्या गाईंच्या एकत्र दुधाची असते. म्हणून तिला असं करू द्या. मधल्या वेतकाळातल्या, म्हणजे नुकत्या व्यायलेल्या नाहीत आणि आटायलाही आल्या नाहीत अशा, सहा गाई निवडायच्या. तिघींना सध्याची बारीक कुट्टी, तिघींना इंच-दीड इंचाची, बाकी चारा आणि खुराक तोलून सारखाच. तीन आठवड्यांनी अदलाबदल. प्रत्येक टप्प्यातले पहिले दोन आठवडे पोटाला सवय व्हायला सोडायचे, नोंद फक्त शेवटच्या आठवड्याची. नमुना प्रत्येक गायीचा वेगळा आणि पूर्ण धार काढून, बादलीतलं दूध ढवळून घ्यायचा. सुरुवातीच्या धारेत फॅट कमी आणि शेवटच्या धारेत जास्त असते, त्यामुळे धार काढताना मध्येच भरलेली बाटली हमखास फसवते. वासराला शेवटचं दूध सोडत असाल तर ते सगळ्या गाईंना सारखंच सोडा. सकाळ-संध्याकाळची नोंद वेगळी ठेवा, दोन्ही वेळची फॅट सहसा सारखी नसते.

विद्यापीठातलं पशुपोषण संशोधन याच वळणाचं असतं. पचनक्षमतेच्या चाचणीत सात-सात दिवस प्रत्येक जनावराचं चोवीस तासांचं शेण गोळा करून तोलतात, उरलेला चारा तोलतात, नमुने वाळवतात. पांढरा कोट त्यानंतर. मिथेन मोजायचा तर गायीच्या म्होरकीला नाकाशी बारीक नळी आणि तिला निर्वात डबा जोडून दिवसभराचा श्वास गोळा करतात, कारण गायीचा मिथेन बहुतांशी ढेकरेतून बाहेर पडतो. गंमत अशी, की फॅट वाढवणारं ॲसिटेट तयार होताना जो हायड्रोजन सुटतो, त्याचाच पुढे मिथेन होतो. शेतकऱ्याला फॅट हवी आणि हवेत मिथेन नको, हे दोन्ही एकदम कसं साधायचं, यावर जगभर डोकी लागली आहेत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया विज्ञान संस्थेनं टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य केलं, ते याच खटपटीतून.

‘संशोधन काय, ॲग्रीतही होतं’ हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बी.एस्सी. ॲग्रीनंतर पशुविज्ञान व दुग्धशास्त्रात एम.एस्सी. होते. चारा, दूध, गोठा व्यवस्थापन, पैदास यांवर काम करता येतं. गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या संकरातून आलेली ‘फुले त्रिवेणी’ गाय राहुरीच्या कृषी विद्यापीठाची, म्हणजे तुमच्या शेजारचीच. पण त्या पदवीवर जनावराला उपचार करता येत नाहीत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. एम.व्ही.एस्सी. या पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचं दारही बी.व्ही.एस्सी. या मूळ पदवीशिवाय उघडत नाही. रोग, लस, प्रजनन, शस्त्रक्रिया यांतलं काही तिला उद्या करावंसं वाटलं तर ॲग्रीवरून मागे फिरता येणार नाही. आणि एमपीएससीची सोय म्हणून ॲग्री घेणारे कितीतरी विद्यार्थी चार वर्षांत ना शेती शिकतात ना परीक्षा काढतात. तिला त्या रांगेत उभं करू नका.

पुढची वाट थोडक्यात : बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एम.व्ही.एस्सी. दोन, मग पीएच.डी. आणि नेट किंवा कृषी संशोधन सेवेची परीक्षा. विद्यापीठांतली पदं वेळेवर भरली जात नाहीत, हे आताच ऐकून ठेवा. मात्र पशुखाद्य, लस आणि दुग्ध कंपन्यांनाही हीच माणसं लागतात.

यंदाचे नीटचे गुण वाया गेले असं समजू नका. राज्यातले व्हेटर्नरी प्रवेश त्याच गुणांवर होतात. फक्त एमबीबीएसच्या फॉर्ममध्ये हा पर्याय येत नाही. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि देशपातळीवरच्या १५ टक्के जागांचा आणखी वेगळा. मुलं चुकतात ती इथंच. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या महाविद्यालयांच्या मागच्या दोन वर्षांच्या प्रवेशयाद्या तुमच्या प्रवर्गानुसार बघा आणि मगच पसंतीक्रम लावा. अधिवास, जात आणि नॉन-क्रीमिलेअर यांतले जे दाखले लागू असतील ते आत्ताच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर गर्दी असते. यादीत बसत नसेल आणि सीईटी दिलेली असेल, तर राहुरीची बी.एस्सी. ॲग्री जरूर घ्या, पण पशुविज्ञानात एम.एस्सी. करायची म्हणून.