वॅल मरी आणि ग्रासलँड्स नॅशनल पार्क : साधी कार, सोबत आई-वडील, जमेल का?

जमेल, पण पावसाचा अंदाज बघूनच निघा. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायना शहरातून त्याच प्रांताच्या दक्षिण टोकाला असलेल्या वॅल मरी गावी आणि तिथल्या माळरानाच्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात आई-वडिलांना घेऊन जूनमध्ये दोन दिवसांसाठी जायचंय, गाडी साधी आहे, काय सांभाळावं असं तुम्ही विचारलंय. सगळ्यात आधी सांभाळायचा तो चिखल.

तिथल्या मातीला स्थानिक लोक गम्बो म्हणतात. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच ही पाणी पिऊन फुगते. खडीच्या रस्त्यावर हलक्या सरीने फारसं बिघडत नाही, पण मातीच्या फाट्यावर गाडी घातली की चाकाच्या खोबणी बुजतात, मडगार्डखाली चिखल घट्ट बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. तिथे फोर-व्हीलसुद्धा अडकते. पाऊस झाला तर एक दिवस ऊन-वारा लागू द्या, मगच फाट्यावर जा. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवा.

पेट्रोल आणि किराणा वाटेतल्या स्विफ्ट करंट शहरातच भरा. तिथून हायवे ४ ने दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटर. फ्रेंच भाषकांनी १९१० च्या सुमारास वसवलेलं वॅल मरी जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचं आहे. संध्याकाळी दुकान उघडं मिळेल यावर विसंबू नका. पार्कचं माहिती केंद्र गावातच आहे. रस्त्यांची त्या दिवशीची खरी स्थिती तिथेच कळते, त्यामुळे आधी तिथे थांबा.

आई-वडिलांसाठी फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यातला इकोटूर रस्ता उत्तम. वाटेत प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्यांची, वसाहत लागते. काळ्या शेपटीचे हे प्राणी कॅनडात फक्त याच भागात आहेत. इंजिन बंद करून काच खाली घ्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. एक जण मागच्या पायांवर ताठ उभा राहून, मान मागे टाकून ओरडतो, आणि लगेच शेजारच्या बिळांवरून तसेच सूर उठतात. खायला घालू नका आणि बिळांजवळ जाऊ नका : त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो.

बायसन, म्हणजे उत्तर अमेरिकेतले गव्यासारखे रानटी प्राणी, इथून शतकाहून अधिक काळ नाहीसे झाले होते. २००५ मध्ये आल्बर्टा प्रांतातल्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून ७१ आणले. त्यांच्यापासून किमान १०० मीटर लांब राहा; शेपूट वर उचलली की मागे फिरा. गवतात एखादा एकटा धोंडा दिसला तर जवळून जरूर बघा. हिमनदीने आणून टाकलेल्या त्या दगडाचे कोपरे बायसननी अंग घासून गुळगुळीत केलेले असतात आणि भोवती खुरांनी खोल चर पडलेली असते. माळावर दगडांची वर्तुळंही दिसतील. ती मूळनिवासींच्या तंबूंच्या जागा आहेत. त्यातला एकही दगड हलवू नका.

चालताना घोटा झाकणारे बूट आणि लांब पँट हवीच. रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारे विषारी साप आहेत, म्हणून दगडाच्या फटीत हात घालू नका आणि कानात इअरफोन नको. जूनमध्ये गोचिड्या असतात. संध्याकाळी काखा, कंबर, कानामागे तपासा. कुसळी गवत मोज्यात शिरतं, तेव्हा जाडे विणलेले मोजे टाळा. सावली जवळजवळ नाहीच, माणशी तीन लिटर पाणी ठेवा. वाळलेल्या उंच गवतावर गाडी कधीच उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने वणवा पेटतो, आणि वारा असेल तर तो आवरत नाही.

ताऱ्यांसाठी जात असाल तर जून हा चुकीचा महिना आहे. ४९ अक्षांशावर त्या दिवसांत आकाश पूर्ण काळं होतच नाही. सगळ्यात गडद वेळ रात्री एकच्या पुढे येते, आणि तेव्हा वडीलधाऱ्यांना जागं ठेवणं बरं नव्हे. आकाशगंगा दाखवायचीच असेल तर ऑगस्टअखेरची अमावस्या धरा, स्वेटर घ्या आणि टॉर्चला लाल कागद लावा.